विनंती थांबा

गाडी सुटण्याआधी गार्डला गाठून सांगावं लागतं, की मला बर्नी आर्म्सला उतरायचंय. नाही सांगितलं तर गाडी तिथं थांबत नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोक परगण्यात नॉरिच ते ग्रेट यार्मथ असा लोहमार्ग आहे, त्यावरचं हे स्टेशन. आपल्या एसटीच्या भाषेत ‘विनंती थांबा’. उतरायचं तर आधी सांगायचं, चढायचं तर फलाटावर उभं राहून हात करायचा. फलाट इतका आखूड, की कुठल्या दारातून उतरायचं तेही गार्डच सांगतो.

“परतीची गाडी पाहून ठेवलीत ना?” त्यानं विचारलं. मी हो म्हटल्यावरही त्यानं वेळ पुन्हा एकदा सांगितली. इथं रविवारी थोड्या जास्त गाड्या थांबतात आणि एरवी मोजक्याच. गाडी चुकली तर रिक्षा नाही, बस नाही, कारण रस्ताच नाही. सार्वजनिक मोटाररस्ता या ठिकाणापर्यंत कधी आलाच नाही. यायचं ते रेल्वेनं, बोटीनं किंवा पायी.

मी एकटीच उतरले. गाडी गेली, आणि तिचा आवाज विरल्यावर उरला तो वारा. चहूकडे सपाट हिरवी कुरणं आणि त्यांच्यात पाण्यानं भरलेले सरळ चर. चरणारी गुरं. लांबवर एक उंच, काळसर पवनचक्की. तिच्या रोखानं कुरणातून दहाएक मिनिटं चाललं की नदीचा बांध लागतो. बांधावर चढलं की समोर यार नदी, रुंद आणि मातकट. तिच्या काठावर जे घर दिसतं ते बघायला मी आले होते. बर्नी आर्म्स नावाचा पब. पवनचक्की, शेतघर, स्टेशन आणि हा पब, एवढीच ही वस्ती. त्यातला पब २०१५ च्या सुमारास बंद झाला.

माझी लेक नॉरिचला राहते. तिच्याकडे गेले असताना एका नकाशात हे नाव पाहिलं आणि प्रश्न पडला. जिथं रस्ता नाही आणि गाव म्हणावं इतकी घरं नाहीत, तिथं बिअर विकायला कोण बसलं असेल, आणि कुणासाठी? माझं स्वतःचं गाव खाडीकाठचं. त्यामुळे उत्तराचा एक धागा मला काठावर उभं राहताच दिसला. नदीचं पाणी उलटं वाहत होतं. समुद्राकडून जमिनीकडे. भरती होती.

पाण्यासाठी थांबलेली माणसं

बर्नी आर्म्सच्या जरा खाली यार नदीला वेव्हनी नदी मिळते आणि दोघींचं पाणी ब्रेडन वॉटर नावाच्या मोठ्या खाजणात पसरतं. भरतीला ते सरोवरासारखं दिसतं. ओहोटीला मात्र मैलच्या मैल चिखल उघडा पडतो आणि मधून पाण्याचा एकच अरुंद पाट उरतो. रोमन काळात इथं याहून कितीतरी मोठी खाडी होती. तिच्यावर नजर ठेवायला रोमनांनी बांधलेल्या बर्ग कॅसल या किल्ल्याच्या तीन बाजूंच्या भिंती समोरच्या तीरावर अजून उभ्या आहेत. हळूहळू खाडी गाळानं भरली, माणसांनी बांध घातले आणि आत कुरणं तयार झाली. आपल्याकडे कोकणात खारबंदिस्ती करतात तोच प्रकार. बाहेरून बांध, आत चर, आणि ओहोटीला आतलं पाणी नदीत सोडायला उघाडी. त्या बांधावर चालताना माझ्या पायांना ते ओळखीचं वाटत होतं.

रेल्वे यायच्या आधी नॉरिच आणि यार्मथ यांच्यातला सगळा माल या नदीनं जायचा. तो नेणाऱ्या बोटीचं नाव व्हेरी. उथळ बुडाची, एकाच मोठ्या शिडाची, २५ ते ४० टन माल घेणारी ही बोट खास या प्रदेशातली. कोळसा, लाकूड, धान्य, विटा, सगळं तीच वाहायची. शीड टिकावं म्हणून त्याला डांबर आणि माशाचं तेल चोपडत, त्यामुळे ते काळंभोर होई. डोलकाठीच्या बुडाशी टनाहून जास्त वजनाचा शिशाचा गोळा असे. त्याच्या तोलामुळे पूल आला की भली थोरली डोलकाठी एक माणूस सहज आडवी करी आणि पूल मागं पडला की पुन्हा उभी करी. बोटीवर माणसं दोनच, तांडेल आणि त्याचा जोडीदार. वारा पडला की हे दोघं लांब वासा नदीच्या तळाला टेकवत, त्याचं टोक खांद्याला लावत आणि बोटीच्या काठावरून चालत चालत तिला पुढं रेटत.

अशा बोटीला ब्रेडन ओलांडायचं तर पाण्याची मर्जी लागे. समोरून भरती येत असेल किंवा वारा तोंडावर असेल तर थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. थांबायचं कुठं? खाजणाच्या तोंडाशी, जिथं काठ बळकट आहे आणि बोट बांधता येते तिथं. म्हणजे इथं. चार तास, सहा तास, कधी अख्खी रात्र. डिसेंबरात या सपाट मुलखावर उत्तर समुद्राचा वारा येतो तेव्हा अडवायला एक टेकडी नाही. ओल्या कपड्यांतल्या दोन माणसांना विस्तव, डोक्यावर छप्पर आणि हातात काहीतरी हवं असायचं. पब इथं का, याचं उत्तर एवढं साधं आहे. गाव होतं म्हणून पब आला, असं इथं घडलं नाही. माणसांना थांबावं लागत होतं म्हणून आला.

आमच्याकडेही तरीवर एक खोपटं असायचं. सुकती लागली की मचवा चिखलात बसे आणि मग पाणी येईतो सगळे तिथं. चहा, विडी, गावोगावच्या बातम्या. तरीवाल्याला सगळ्या खाडीची खबर असे. लहानपणी मला वाटे, की तो माणूस फार प्रवास करत असला पाहिजे. खरं तर तो जागचा हलतच नसे. जग त्याच्याकडे येऊन थांबत असे.

थांबवण्याचा करार

इंग्लंडमध्ये पबच्या नावात ‘आर्म्स’ शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ हात नाही आणि शस्त्रंही नाही. तो आहे घराण्याचं मानचिन्ह. ज्या जमीनदाराच्या जमिनीवर पब, त्याच्या घराण्याचं चिन्ह पाटीवर रंगवलेलं. इथले जमीनदार होते बर्नी. १८४० च्या दशकात त्या घराण्यातल्या टॉमस ट्रेंच बर्नी यांच्याकडे यार्मथ-नॉरिच रेल्वे कंपनी जमीन मागायला आली. कंपनीचे अध्यक्ष होते जॉर्ज स्टीफन्सन आणि अभियंता त्यांचा मुलगा रॉबर्ट. दोघंही रेल्वेच्या इतिहासातली मोठी नावं. बर्नींनी जमीन दिली, पण एक अट घातली. इथं स्टेशन हवं आणि गाड्या थांबल्या पाहिजेत, कायमच्या.

१ मे १८४४ रोजी हा मार्ग खुला झाला. नॉरफोकमधली ही पहिली रेल्वे. तारयंत्रानं एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला कळवून गाडी सोडायची पद्धत ब्रिटनमध्ये पहिल्यांदा वापरली गेली ती याच मार्गावर. इतकी आधुनिक गाडी आणि तिनं थांबायचं कुठं, तर एका दलदलीत. थोड्याच वर्षांत कंपनीला ते परवडेना. गाड्या न थांबता जाऊ लागल्या. बर्नींनी करार दाखवला, तेव्हा कंपनीनं युक्तिवाद केला, की आम्ही स्टेशन बांधायचं कबूल केलं होतं आणि बांधलं. गाडी थांबवायचं कुठं कबूल केलंय? प्रकरण कायद्याच्या वाटेनं गेलं, तडजोड झाली आणि गाड्या पुन्हा थांबू लागल्या.

ज्याला आपण गावाची सोय म्हणतो ती अशीच उभी राहते. कुणीतरी अट घालतं, पुढं ती मोडली की कुणीतरी भांडतं, आणि मग दीडशे वर्षं लोकांना वाटत राहतं, की गाडी आपसूकच थांबते. आजही थांबते. ऑक्टोबर २०१८ ते फेब्रुवारी २०२० या काळात जुने हात-सिग्नल काढून नवी यंत्रणा बसवायला हा पट्टा बंद होता. त्यामुळे २०१९-२० या वर्षात बर्नी आर्म्सच्या प्रवाशांची नोंद झाली ४२. त्या वर्षी हे ब्रिटनमधलं सगळ्यात कमी वापरलं गेलेलं स्टेशन ठरलं. पण काम संपल्यावर गाडी पुन्हा थांबू लागली. पबच्या बाबतीत असा करार कुणी केलेला नव्हता.

गिऱ्हाईक कोण?

पबपासून जवळच उभी असलेली पवनचक्की १८६५ ची. उंची जवळजवळ ७० फूट, आत सात मजले. या सबंध दलदलीत तिच्याएवढी उंच दुसरी नाही. ती बांधली होती सिमेंटसाठी. नदीतून उपसलेला गाळ आणि खडू भाजून जे खडे होत ते ही चक्की दळायची. कच्चा माल व्हेरीतून यायचा आणि तयार सिमेंट व्हेरीतूनच जायचं. भट्टीवरचे मजूर, बोटीवरचे खलाशी आणि रूळ सांभाळणारे रेल्वेचे गँगमन, यांच्यामुळे त्या काळात हे ठिकाण गजबजलेलं असे.

१८८० च्या दशकात सिमेंट संपलं. चक्कीला नवं काम मिळालं ते कुरणातलं पाणी उपसायचं. तिच्या बाहेर २४ फूट व्यासाचं चाक बसवलं, आपल्या रहाटासारखं. ते चरातलं पाणी उचलून नदीत टाकी. आता गिऱ्हाईक बदललं. मार्शमन, म्हणजे दुसऱ्यांची गुरं कुरणात राखणारा, चर साफ ठेवणारा, चक्कीवर लक्ष देणारा माणूस. हिवाळ्यात ब्रेडनवरचे शिकारी. चपट्या होडीत पालथं झोपून, होडीवरच बसवलेल्या लांब बंदुकीनं ते रानबदकं मारत आणि यार्मथच्या बाजारात विकत. आर्थर पॅटर्सन या यार्मथच्या गरीब घरातल्या, स्वतः शिकून निसर्गअभ्यासक झालेल्या माणसानं या लोकांचं जग ‘जॉन नोलिटल’ या टोपणनावानं लिहून ठेवलं. नावाचा अर्थ ‘थोडंसं जाणणारा’. १९३५ मध्ये ते गेले तोवर ते जगही विरत चाललं होतं.

१९४८ च्या सुमारास चक्की थांबली आणि तिची जागा इंजिनाच्या पंपांनी घेतली. पुढं सरकारनं ती पुरातन वास्तू म्हणून ताब्यात घेतली. व्हेरींचा धंदा रेल्वेनं आणि मोटारींनी संपवला होता. १९४९ मध्ये काही लोकांनी संस्था काढून ‘अल्बियन’ ही १८९८ ची व्हेरी वाचवली. ती अजून काळं शीड उभारून नदीतून जाते.

एकेक धंदा गेला तसं पबचं एकेक गिऱ्हाईक गेलं. तरी दर वेळी कुणीतरी नवा थांबणारा मिळाला. म्हणून पब टिकला.

मालक म्हणवणारं कूळ

आता त्या दाराआडच्या माणसाकडे येऊ. इंग्रज त्याला ‘लँडलॉर्ड’ म्हणतो. शब्दशः जमीनमालक. पण बहुतेक पबांत हा लँडलॉर्ड प्रत्यक्षात कूळ असतो. इमारत बिअर कंपनीची किंवा जमीनदाराची, हा भाडं भरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यानं बिअर कुणाकडून घ्यायची तेही बांधलेलं असतं. ज्या कंपनीची इमारत तिचंच पिंप, आणि तिच्याच दरानं. आपल्याकडे कुळानं ज्याची जमीन कसायची त्याच्याच दुकानातून बी आणि मीठ घ्यायचं, तसं. जमीन कसणाऱ्याला आपण उशिरा का होईना कूळकायदा दिला. इंग्लंडमध्ये पबच्या कुळाला मोठ्या कंपन्यांविरुद्ध दाद मागता यावी म्हणून खास नियमावली लागू व्हायला २०१६ साल उजाडलं.

परवान्याचा इतिहास त्याहून जुना. १५५२ च्या कायद्यापासून दारूगृहाचा परवाना स्थानिक दंडाधिकारी देत. १८३० मध्ये सरकारनं वेगळाच प्रयोग केला. कर भरणाऱ्या कुठल्याही गृहस्थानं दोन गिनी भराव्यात आणि आपल्या घरात बिअर विकावी. जिन पिऊन लोक मरतात, त्यापेक्षा बिअर बरी, असा त्यामागचा विचार. काही महिन्यांत २० हजारांहून जास्त नवे परवाने निघाले. लोहार, सुतार, नावाडी, शेतकरी, ज्याच्याकडे एक जादा खोली तो पबवाला झाला. नवरा दिवसभर आपला धंदा बघे आणि पब चालवे बायको. परवान्यावर नाव त्याचं, पिंपाच्या तोटीवर हात तिचा. १८६९ मध्ये ही मोकळीक आवळली गेली, पण खेड्यातल्या पबचा घरगुती साचा तिथूनच घडला.

तो साचा कसा असतो ते एका बाईंच्या आयुष्यावरून कळतं. हियरफर्डशरमध्ये टीम नदीच्या काठी लाइंटवर्डाइन नावाचं गाव आहे. तिथला ‘सन इन’ फ्लॉसी लेन यांनी सत्तर वर्षांहून जास्त काळ सांभाळला, बराच काळ भावाच्या सोबतीनं. जन्म १९१४ चा, मृत्यू २००९ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी. देशातली सगळ्यात वयोवृद्ध पबवाली अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या पबात काउंटर नव्हता. गिऱ्हाईक घराच्या बैठकीच्या खोलीत लाकडी बाकांवर बसे आणि पिंपं असत स्वयंपाकघरात. म्हणजे तुम्ही दुकानात गेलेला नसायचा, कुणाच्या तरी घरी गेलेला असायचा. डेव्हनमधल्या टॉपशॅम गावी, पुलाजवळच्या ‘ब्रिज इन’मध्ये १८९७ पासून एकच घराणं आहे. १९९८ मध्ये राणी एलिझाबेथ तिथं पाहुणी म्हणून गेली तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी झाली. आणि इथून काही मैलांवर, याच यार नदीवर, रीडमचा तराफा आहे. साखळीनं ओढला जाणारा, एका फेरीत तीन मोटारी घेणारा. नॉरिच आणि यार्मथ यांच्या दरम्यान मोटारीनं नदी ओलांडायची ती एकमेव जागा. तिथंही तराफा आणि पब एकाच कुटुंबाच्या हाती. तो पब चालू आहे, कारण तिथं माणसाला अजून थांबावं लागतं.

बर्नी आर्म्सच्या पबवाल्याला यातलं सगळंच करावं लागे. रस्ता नाही म्हणजे पिंपं, कोळसा, पीठ, साखर, सगळं बोटीनं, रेल्वेनं नाहीतर कुरणातून ओढत आणायचं. गिऱ्हाईक पाण्याच्या वेळापत्रकानं यायचं, आणि पाण्याची वेळ रोज पाऊणेक तास पुढं सरकते. पहाटे तीनला कुणी बोट बांधली तर दिवा लावायला हवा. पाय घसरून पाण्यात पडलेल्याला ओढून काढायला, धुकं पडलं की आवाज द्यायला दुसरं कोण होतं? ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आलं, या किनाऱ्यावरचे बांध ठिकठिकाणी फुटले, इंग्लंडमध्ये ३०७ माणसं बुडाली. अशा मुलखात पाण्याच्या काठी राहणं हे नुसतं दुकान चालवणं नसतं. पबवाला हा दिवा राखणारा असतो.

आणि असा माणूस बिअरच्या कंपनीच्या हिशेबात एक आकडा असतो. नॉरिच शहराबद्दल जुनी म्हण आहे, की वर्षाच्या प्रत्येक रविवाराला एक चर्च आणि प्रत्येक दिवसाला एक पब. त्या पबांना बिअर पुरवणारे कारखाने शहरातच होते. १९६० च्या दशकात लंडनच्या वॉटनी कंपनीनं ते एकामागून एक विकत घेतले, १९६३ मध्ये तर दोन मोठे कारखाने एकाच वर्षी. जुन्या भट्ट्या बंद झाल्या, जुनी चव गेली. आतबट्ट्याचे ठरलेले खेड्यापाड्यांतले पब विकले गेले. सबंध नॉरफोकभर एकाच कंपनीची एकाच चवीची बिअर मिळू लागली. १९७१ मध्ये चार तरुणांनी खऱ्या, पिंपात मुरणाऱ्या बिअरसाठी ‘कॅमरा’ ही चळवळ सुरू केली, तेव्हा तिच्यामागं अशाच परगण्यांतला राग उभा राहिला. १९८९ मध्ये सरकारनं बिअर कंपन्यांच्या हातातले पब कमी करायचा हुकूम काढला. कंपन्यांनी पब विकले, पण ते गेले नव्या साखळी-मालकांकडे, ज्यांचा बिअर गाळण्याशी संबंध नव्हता, फक्त भाड्याशी होता. कूळ तेच राहिलं, धनी तेवढा बदलला.

शेवटचे थांबणारे

विसाव्या शतकात बर्नी आर्म्सला नवे थांबणारे मिळाले ते सुट्टीवर आलेले. या प्रदेशाला ब्रॉड्स म्हणतात. नद्या आणि त्यांना जोडलेली उथळ तळी. मध्ययुगात जळणासाठी खणलेल्या पीटच्या खाणींत पाणी भरून ही तळी झाली, हे १९५० च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी पुराव्यानिशी दाखवून दिलं. आठवडाभर बोट भाड्यानं घेऊन इथं फिरायचं, ही कामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबांची लाडकी सुट्टी झाली. दक्षिणेच्या नद्यांतून उत्तरेच्या नद्यांत जायचं तर यार्मथच्या पुलांखालून जावं लागतं, आणि तिथं पाण्याला ओढ इतकी, की नवख्यानं ओहोटी संपून पाणी थबकेल तेव्हाच जावं. तोवर थांबायचं कुठं? पुन्हा तेच. ब्रेडनच्या तोंडाशी, बर्नी आर्म्सला.

१९८० च्या दशकात समोरच्या याच कुरणांवरून सबंध देशात वाद पेटला. धान्याला अनुदान होतं, म्हणून हॅल्व्हरगेटच्या शेतकऱ्यांना शतकानुशतकांची गायरानं नांगरून गहू लावायचा होता. त्यांचंही खोटं नव्हतं, कारण गुरांत पैसा उरला नव्हता. अखेर १९८५ मध्ये तोडगा निघाला. जो कुरण राखेल त्याला एकरी ५० पौंड. शेतकऱ्याला धान्यासाठी नव्हे तर जमीन जपण्यासाठी पैसे देण्याची ब्रिटनमधली पद्धत इथून सुरू झाली. म्हणून आज मला गुरं दिसली, चर दिसले, माझ्या पायरवानं उडालेले पक्षी दिसले. ज्यांनी ही जमीन वाचवली त्यांनी एक गोष्ट ओळखली होती. जे बाजाराला परवडत नाही पण गेल्यावर परत आणता येत नाही, त्याची किंमत कुणीतरी मुद्दाम ठरवून द्यावी लागते.

पबची किंमत अशी कुणी ठरवली नाही. भाड्याच्या बोटी कमी झाल्या, कारण लोक विमानानं स्पेनला जाऊ लागले. उरलेल्या बोटींत फ्रीज आले आणि सुपरमार्केटातली बिअर पबच्या निम्म्या दरात मिळू लागली. २००७ मध्ये धूम्रपानबंदी आली. २००८ पासून पाच वर्षं बिअरवरचा कर महागाईपेक्षा जास्त वेगानं वाढवत नेला. २००० साली ब्रिटनमध्ये पब होते ६० हजारांच्या आसपास, आज ४५ हजारांच्या आसपास आहेत. रस्त्यावरच्या पबांची ही गत, तर ज्याला रस्ताच नाही, ज्याचा धंदा उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांवर चालतो, त्याला हिवाळा काढायचा कसा?

बंद दाराची बाजू

हे लिहिताना माझ्या मनात एक अडचण आहे आणि ती सांगायला हवी. आपल्या महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद झालं की बाया गुलाल उधळतात, आणि ते बरोबर आहे. आडव्या बाटलीसाठी मतदान करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या पाठीवरचे वळही पाहिले आहेत. इंग्लंडातही बिअरनं घरं बुडवली आहेत आणि त्याविरुद्ध एकोणिसाव्या शतकात मोठी चळवळ झाली. मग एका पबासाठी मी का हळहळावं?

मी हळहळते ती दारूसाठी नाही. त्या घरात दारू नसती आणि चहा असता, तरी मी इथवर आले असते. माझं म्हणणं एवढंच, की आपण थांबण्याच्या जागा फार वेगानं पुसतो आहोत, आणि त्या पुसल्या गेल्या की त्यांच्याबरोबर एका विशिष्ट प्रकारचा माणूस संपतो. सगळे पुढं जात असताना जो जागेवर राहतो, तो माणूस. तरीवाला, टपालवाला, स्टेशनमास्तर, पबवाला. ज्याला माहीत असतं कोण आलं, कोण अजून आलं नाही, आणि आलं नाही तर कंदील घेऊन कुठं बघायचं.

काही ठिकाणी लोकांनी हे ओळखलं. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावानं २००३ मध्ये आपला ‘ओल्ड क्राउन’ पब सहकारी तत्त्वावर विकत घेतला. ब्रिटनमधला तो पहिला सहकारी पब. सहकाराच्या मुलखातून आलेल्या मला ते वाचून फार बरं वाटलं. फ्लॉसीबाई गेल्यावर त्यांच्या पबासाठी गावकरी आणि कॅमराचे लोक उभे राहिले आणि त्याच वर्षी तो पुन्हा उघडला. २०११ च्या कायद्यानं गावाला हक्क दिला, की पब, दुकान, सभागृह अशी वास्तू सामाजिक मोलाची म्हणून नोंदवावी. ती विकायला निघाली तर पैसे उभे करायला गावाला सहा महिने मिळतात. पण या सगळ्याला आधी गाव लागतं. सभा घ्यायला, वर्गणी काढायला माणसं लागतात. बर्नी आर्म्सचं गाव म्हणजे नदीवरून येणारे-जाणारे. त्यांची ग्रामसभा भरणार कुठं?

दारासमोरच्या बांधावर एक बोट बांधलेली होती. वयस्क नवराबायको थर्मासमधला चहा पीत बसले होते. पाणी थबकायची वाट बघताय का, विचारलं तर बाई हसल्या. “अजून दीड तास. पूर्वी हा दीड तास आत जायचा,” त्या म्हणाल्या आणि मानेनं दाराकडे खूण केली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “आठवतं, आपण पहिल्यांदा आलो तेव्हा पाणी उलटून गेलं तरी उठलो नव्हतो?” त्यांनी मला कप दिला. आम्ही तिघं बाकावर बसलो. समोर पाण्यावर एक काटकी भरतीबरोबर वर सरकत होती. बराच वेळ आम्ही तिच्याकडेच पाहत होतो. तिघांकडेही मोबाइल होते, कुणी काढला नाही.

माझ्या गाडीची वेळ आली तेव्हा त्यांचं पाणी अजून व्हायचं होतं. मी कुरणातून परत निघाले. फलाटावर पोहोचून मागं पाहिलं, तेव्हा बांधाआड नदी दिसत नव्हती. चक्कीचे पंखे तेवढे आभाळावर दिसत होते. रुळांच्या टोकाशी एक ठिपका उगवला आणि वाढत गेला. मी पुढं झाले आणि हात केला. पूर्ण वर, चालकाला दिसेल असा. गाडीचा वेग ओसरला. एका माणसासाठी दोन डबे आणि त्यातली सगळी माणसं त्या मोकळ्या दलदलीत थांबली, कारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी अट घातली होती.

चढताना गार्डनं विचारलं, “एकट्याच ना? मागं कुणी राहिलं नाही ना?”

एकटीच, म्हटलं मी. तरीही त्यानं दार लावण्याआधी बाहेर वाकून फलाट एकदा पाहून घेतला.